अश्वगंधेची मात्रा दुप्पट करू का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी ४६ वर्षांची असून डोंबिवलीत राहते आणि ठाण्यातील एका बँकेत नोकरी करते. सहा वर्षांपासून थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी आणि दोन वर्षांपासून रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे. ऑगस्टमध्ये सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून रात्री त्यांना तीन-तीनदा उठवून बसवण्याचे काम माझ्याकडे आहे. साडेबाराला पाठ टेकते आणि पाचला उठते. रात्री दहाला कपभर चहा घेतल्याशिवाय स्वयंपाकघर आवरत नाही. पाच आठवड्यांपूर्वी नणंदेने अश्वगंधेच्या कॅप्सूल आणून दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक घेते. तणाव घालवणारा म्हणून मिळणारा वनौषधींचा चहा दिवसातून तीनदा होतो, आणि सोसायटीतल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा रस करोनाच्या दिवसांपासून अधूनमधून चालूच आहे. पहिले दोन आठवडे बरे वाटले. आता मात्र रात्री छातीत धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, वजन दोन किलोंनी उतरले आणि मागच्या आठवड्यात रक्तदाब १५०/९४ निघाला. ताण वाढला असेल म्हणून कॅप्सूल दुप्पट कराव्यात असे मनात आहे. नणंद म्हणते, झाडाचे मूळच ते, अपाय काय व्हायचा? याची सवय लागते का? कॅप्सूलपेक्षा चूर्ण बरे का? आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला ब्राह्मी सुरू करू का?

सप्रेम नमस्कार.

कॅप्सूल दुप्पट करू नका. कॅप्सूल, चहा आणि गुळवेलीचा रस या तिन्ही गोष्टी आजच थांबवा, आणि थायरॉइडची व रक्तदाबाची गोळी मात्र ठरलेल्या वेळी घेत राहा. हे उत्तर छापून येण्याआधी तुम्हाला टपालाने कळवले आहेच. इथे त्याची कारणे लिहिते, कारण याच प्रकारची आणखी चार पत्रे माझ्यासमोर पडली आहेत.

तुम्ही सांगितलेली लक्षणे क्षणभर ताणापासून वेगळी काढून वाचा. धडधड, हातांची थरथर, घाम आणि खाणे कमी न होता उतरलेले वजन हे चित्र एखाद्या अनोळखी रुग्णाचे म्हणून माझ्यापुढे आले असते, तर मी आधी विचारले असते की अंगात थायरॉइडचे संप्रेरक जास्त तर झालेले नाही ना. तुमच्या बाबतीत ही शंका अधिकच रास्त आहे. २०१८ मध्ये भारतात थायरॉइड किंचित मंदावलेल्या पन्नास जणांवर एक चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्यांना अश्वगंधेच्या मुळाचा ६०० मिलिग्रॅम अर्क रोज, आठ आठवडे दिला होता. थायरॉइडला कामाला लावणारे टीएसएच त्यांच्यात उतरले आणि थायरॉइडची स्वतःची टी-३ व टी-४ ही संप्रेरके वाढली. ज्याला गोळी नाही त्याला हा परिणाम कदाचित उपकारक ठरेल. पण तुम्हाला लागणारे संप्रेरक डॉक्टरांनी मोजून-मापून गोळीतून देऊ केलेले आहे, आणि त्या मापात दुसऱ्या बाजूने कोणीतरी भर घालत असेल तर ताजवा कलणारच. अश्वगंधा घेतल्यावर थायरॉइडचा अतिरेक होऊन रुग्णालयात यावे लागल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

हे असेच झाले आहे असे मी पत्रावरून ठरवू शकत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन उतरले असले, पाळी जाण्याचा काळ जवळ आला असला, किंवा चार महिने साडेचार तासांची झोप मिळत असली तरीही धडधड होते. म्हणून याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन टीएसएच आणि फ्री टी-४, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या आणि एक ईसीजी करून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा गमी घेत असाल, तर रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी त्या बंद करा, कारण बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचा अहवाल खोटाच चढा दिसतो. टीएसएच सावकाश बदलणारा आकडा आहे. कॅप्सूल थांबवल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तो पुन्हा मोजावा लागेल, आणि तोवर गोळीची मात्रा स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली किंवा धडधड थांबेचना, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता चहा. तुम्ही खोक्याचे छायाचित्र पाठवले हे फार बरे केले. ते मोठे करून पाहिल्यावर हिरव्या पानांच्या नक्षीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी सापडली: तुळस, ज्येष्ठमध, दालचिनी, आले, ब्राह्मी आणि चहापत्ती. ज्येष्ठमध पाहून मी तिथेच थांबले. खोकल्याच्या वेळी चघळलेल्या काडीने काही बिघडत नाही, पण रोज तीन कप ही गोष्ट निराळी आहे. कॉर्टिसॉल हे तणावाच्या वेळी वाढणारे संप्रेरक मूत्रपिंडात पोचले की तिथले एक विकर त्याचे रूपांतर निष्क्रिय पदार्थात करते, म्हणजे मूत्रपिंडाचे त्याच्यापासून रक्षण होते. ज्येष्ठमधाला गोडी देणाऱ्या ग्लिसिरायझिनपासून शरीरात जो पदार्थ तयार होतो, तो नेमके हेच विकर अडवतो. मग न विझलेले कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, आणि रक्तदाब चढतो. पोटॅशियम फार उतरले तर धडधड होते ती वेगळीच. कॉर्टिसॉल शांत व्हावे म्हणून तुम्ही जो चहा विकत घेतला, त्यातला एक घटक मूत्रपिंडात त्याच कॉर्टिसॉलचा अंमल लांबवत होता, आणि इकडे ॲम्लोडिपिन एकटे झुंजत होते. हा परिणाम ज्येष्ठमध थांबवल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. तोवर रक्तदाब एक दिवसाआड, पाच मिनिटे शांत बसून, त्याच हातावर मोजून वहीत लिहा.

गुळवेलीबद्दल करोनानंतर बरेच वाद झाले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना कावीळ आणि यकृतदाह झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तेव्हा हरकत घेतली की त्या रुग्णांनी गुळवेलच घेतली होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे नीट तपासलेले नाही. पुढच्या वर्षी देशातील निरनिराळ्या रुग्णालयांतील त्रेचाळीस रुग्णांची एकत्रित माहिती आली, आणि त्यांत यकृतावर स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा उलटल्यासारखे चित्र अनेकांत होते. मंत्रालयाची हरकत सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही, कारण वेली ओळखण्यात चुका होतातच. पण मग कडुनिंबावरची तुमची वेल कोणती, हे सोसायटीत कोणी तपासले आहे? दुसरे असे, की तुमच्या वयाच्या स्त्रियांत थायरॉइड मंदावण्यामागे बहुतेक वेळा प्रतिकारयंत्रणेने आपल्याच ग्रंथीवर केलेला हल्ला हे कारण असते. प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठीच जिची ख्याती आहे, ती वनस्पती अशा शरीरात वर्षानुवर्षे ओतत राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

नणंदेच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो प्रश्न सगळ्यांचाच असतो, आणि त्याचे मूळ थेट या वनस्पतींना मिळालेल्या नव्या नावात आहे. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये थंडी, जखम, विष अशा वेगवेगळ्या आघातांना प्राण्यांचे शरीर एकाच साच्यातला प्रतिसाद देते असे दाखवले, आणि तणावाचा आजचा अर्थ त्यातून आला. १९४७ मध्ये निकोलाय लाझारेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी असा आघात सोसण्याची ताकद वाढवणाऱ्या पदार्थांसाठी ‘ॲडॅप्टोजेन’ हा शब्द सुचवला. गंमत अशी की तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वनस्पती नसून डिबाझोल हे प्रयोगशाळेत बनलेले औषध होते. पुढे इस्राएल ब्रेखमन यांनी जिनसेंग आणि अतिपूर्व रशियाच्या जंगलातील एल्युथेरोकोकस या झुडुपावर काम केले, आणि १९६९ मध्ये सहकारी दार्दिमोव्ह यांच्यासह ॲडॅप्टोजेनसाठी अटी मांडल्या: त्याचा परिणाम कोणत्याही एका आघातापुरता मर्यादित नसावा, बिघडलेला तोल दोन्ही बाजूंनी सावरण्याकडे त्याचा कल असावा, आणि तो निरुपद्रवी असावा. ही शेवटची अट पुन्हा वाचा. एखादा पदार्थ ॲडॅप्टोजेन ठरण्यासाठी तो निरुपद्रवी असल्याचे आधी सिद्ध व्हावे लागेल, असा तिचा अर्थ आहे. बाजारात मात्र ती उलटी वाचली जाते: डब्यावर ॲडॅप्टोजेन लिहिले आहे, अर्थात तो निरुपद्रवी आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये या संकल्पनेची छाननी केली आणि औषधाला परवानगी देताना हा शब्द वापरण्याइतका तो नेमका नाही असे मत दिले, परंतु जाहिरातींना नेमकेपणाची गरज नसते.

अश्वगंधेने काहीच होत नाही, असे मात्र माझे म्हणणे नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत दीर्घकाळ तणावाखाली असलेले चौसष्ट प्रौढ होते. अर्ध्यांना मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा आणि अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल, असे साठ दिवस चालले. अर्क घेणाऱ्यांचे रक्तातील कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी आणि दुसऱ्यांचे सुमारे ८ टक्क्यांनी उतरले, आणि तणावाच्या प्रश्नावलीतही फरक दिसला. त्यानंतरच्या काही चाचण्यांनी झोप आणि अस्वस्थता यांबाबत साधारण याच दिशेने निष्कर्ष दिले आहेत. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत तुम्हाला बरे वाटले, त्यावर मी अविश्वास दाखवत नाही. पण या चाचण्या लहान आहेत, दोन-तीन महिन्यांपलीकडे क्वचितच जातात, आणि बहुतेकांत थायरॉइडचे, यकृताचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण मुळातच वगळलेले असतात. ज्या निष्कर्षांच्या बळावर तुम्हाला कॅप्सूल विकली गेली, ते तुमच्यासारख्या रुग्णांना बाहेर बसवून काढलेले आहेत.

अपायाचे म्हणाल, तर २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतील मिळून पाच रुग्णांची नोंद झाली. अश्वगंधा सुरू केल्यावर दोन ते बारा आठवड्यांत त्यांना कावीळ झाली, अंगाला भयंकर खाज सुटली, आणि ती थांबवल्यावर काही महिन्यांत सगळे बरे झाले. २०२३ मध्ये भारतातील तज्ज्ञांनी केवळ अश्वगंधा घेतलेल्या आठ यकृतरुग्णांची माहिती दिली. ज्यांचे यकृत आधीपासूनच आजारी होते, त्यांपैकी तिघे दगावले. डेन्मार्कने त्याच वर्षी अश्वगंधेवर बंदीच घातली, जी मला अतिरेकी वाटते, कारण लाखो लोक ती घेतात आणि असे प्रकार विरळा आहेत. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे, आणि तुम्ही आज पाचव्या आठवड्यात आहात. लघवी गडद झाली, डोळे पिवळट दिसले किंवा अंग खाजू लागले तर कॅप्सूल थांबवून झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवा.

मी औषधशास्त्र शिकवीत असताना बाह्यरुग्ण विभागात विद्यार्थ्यांना एक खोड लावून दिली होती. रुग्णाला ‘औषधे कोणती घेता?’ असे विचारले की तो दोन गोळ्यांची नावे सांगून थांबतो. ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जाते?’ असे विचारले, तर मेथीचे पाणी, कोरफडीचा रस, गुडघ्यांसाठी आणलेली पूड आणि दिरांनी दिलेल्या कॅप्सूल, असे सगळे एकामागून एक बाहेर पडते. तुमच्या थायरॉइडच्या डॉक्टरांना या तिन्ही गोष्टींचा पत्ता नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्यात तुमचा दोष कमी आणि विचारणाऱ्याचा जास्त.

कॅप्सूल की चूर्ण, याचे उत्तर तुम्हाला तूर्त दोन्ही नको असेच आहे, तरी इतर वाचकांसाठी लिहिते. आयुर्वेदीय औषधसंहितेत अश्वगंधेच्या मुळाच्या चूर्णाची मात्रा तीन ते सहा ग्रॅम दिली आहे. कॅप्सूलमध्ये बहुधा चूर्ण नसून आटवलेला अर्क असतो, म्हणून त्यावरचे मिलिग्रॅम आणि चूर्णाचे ग्रॅम यांची सरळ तुलना करता येत नाही. तुमच्या डब्यावर प्रत्येक कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ५ टक्के विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतले मुख्य क्रियाशील घटक), असे छापले आहे. म्हणजे दिवसाला १००० मिलिग्रॅम अर्क आणि ५० मिलिग्रॅम विथॅनोलाइड्स आताच पोटात जात आहेत, तर वर सांगितलेल्या चाचणीतील मात्रा दिवसाला ६०० मिलिग्रॅम होती. दुप्पट केल्यावर तुम्ही २००० वर गेला असता. त्याच डब्याच्या मागच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी, ‘मूळ व पाने’ असे दोन शब्द आहेत. परंपरेने औषधात मूळ वापरले जाते. पानांत विथाफेरिन-ए हा पेशींना मारक ठरू शकणारा घटक अधिक असतो, पाने मुळांपेक्षा स्वस्त पडतात, आणि आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली होती. त्यामुळे डब्यावर वनस्पतीचा कोणता भाग आहे हे न लिहिलेले, किंवा पानांचा उल्लेख असलेले उत्पादन दुकानातच परत ठेवावे. आयुर्वेदीय औषध म्हणून बनलेल्या डब्यावर उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असतो. हे दोन वेगळे कायदेशीर रस्ते आहेत, आणि दोन्ही नसलेला, ओळखीतून आलेला साधा डबा तर मुळीच घेऊ नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत इंटरनेटवरून मागवलेल्या आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते.

चूर्णापेक्षाही मला अख्खे मूळ आवडते, निदान ओळखण्यापुरते. काष्ठौषधींच्या दुकानात आस्कंद म्हणून मागितले की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, बाहेरून मातकट आणि आतून पिठूळ पांढऱ्या काड्या मिळतात. त्यांतला बराच माल मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागातून येतो. काडी कटकन मोडून नाकाशी धरली की तबेल्याजवळून गेल्यासारखा वास येतो आणि नाव का पडले ते समजते. जिभेवर ती कडवट लागते. वांगी, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातली ही वनस्पती आहे. चूर्णात यांपैकी काहीच पारखता येत नाही.

सवय लागण्याचे भय बाळगू नका. झोपेच्या काही गोळ्यांसारखे परावलंबन अश्वगंधेने येते असे दिसलेले नाही, आणि पाच आठवडे घेतलेली कॅप्सूल एकदम थांबवली तरी चालते. तिने गुंगी मात्र वाढू शकते, म्हणून झोपेच्या किंवा फिट्सच्या औषधांबरोबर ती घेऊ नये. गर्भवती स्त्रियांनी ती टाळावी, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी साखर उतरण्याकडे लक्ष ठेवावे.

मुलीला ब्राह्मी देऊ नका, आणि याचे पहिले कारण असे की तुम्ही नक्की काय देणार आहात हे तुम्हाला ठाऊक नसेल. आपल्याकडे कुंडीत लावलेली, गोलसर मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची जी वेल ब्राह्मी म्हणून ओळखली जाते, ती बहुधा मंडूकपर्णी असते. स्मरणशक्तीवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांतली ब्राह्मी म्हणजे बाकोपा, दलदलीत वाढणारी, बारीक जाडसर पानांची नीरब्राह्मी. त्या चाचण्यांतही परिणाम दिसायला साधारण बारा आठवडे लागले, सहभागी झालेले बहुतेक जण प्रौढ होते, आणि मळमळ, पोटात कळा व जुलाब या तक्रारी वरचेवर आल्या. परीक्षेला दोन महिने आहेत; गुण यायच्या आधी जुलाब येतील. तिला रात्री सात तास झोपू द्या, आणि ती फार घाबरत असेल, रडत असेल किंवा जेवत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते. तो क्रमांक तुम्हीही वापरू शकता.

शेवटी ज्या गोष्टीसाठी तुम्ही कॅप्सूल घेतली, तिच्याकडे येते. चरकसंहितेत बुद्धीसाठी सांगितलेल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी आहेत. अश्वगंधा त्यांत नाही. ती बल्य आणि बृंहणीय, म्हणजे ताकद देणाऱ्या आणि अंग भरून आणणाऱ्या द्रव्यांत येते. त्याच ग्रंथात आचार-रसायन म्हणून एक प्रकरण आहे, ज्यात कोणतेही द्रव्य घ्यायचे नसून कसे वागावे ते सांगितले आहे, आणि रसायनाचे फळ मिळणाऱ्या माणसाच्या वर्णनात ‘समजागरणस्वप्न’ असे एक विशेषण येते: ज्याचे जागणे आणि झोपणे प्रमाणात आहे असा. तुमचे जागणे साडेएकोणीस तासांचे आहे. कॉर्टिसॉलची पातळी मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी आणि पहाटे सर्वांत जास्त असावी, अशी शरीराची घडी असते, आणि रात्रीतून तीनदा उठून एका जड माणसाला उचलून बसवणाऱ्या बाईची ही घडी कोणत्याही मुळाने बसणार नाही.

म्हणून रात्रीचा हिशेब मांडा. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेला चार महिने झाले. एव्हाना त्यांना वॉकर धरून चालता यायला हवे, आणि येत नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना व फिजिओथेरपिस्टला पुन्हा दाखवायला हवे. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी त्या संध्याकाळी घेत असतील, तर ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा; या एका बदलाने रात्रीच्या तीन फेऱ्यांची एक झालेली मी पाहिली आहे. पलंगाला लागून कमोडची खुर्ची ठेवा. ती भाड्यानेही मिळते. दहाचा चहा बंद करा, कारण कॅफीनचा अर्धा अंश शरीरातून जायला पाच तासांच्या आसपास लागतात, म्हणजे तुम्ही अंग टाकता तेव्हा अर्ध्याहून अधिक चहा जागाच असतो. आठवड्यातून तीन रात्री आया ठेवणे परवडते का, हे बघा. कॅप्सूल, चहा आणि अशाच इतर गोष्टींवर महिन्याला जाणारे पैसे त्यात वळते करता येतील.

तुमच्या पत्राच्या अडीच पानांत यजमानांचा उल्लेख एकदाच आहे, कॅप्सूल संपल्या की ते आणून देतात म्हणून. नणंदेचा उल्लेख सहा वेळा आहे, आणि सासूबाई तिच्या सख्ख्या आई आहेत. तपासणीला जाताना तिन्ही वस्तूंचे डबे आणि खोकी एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आणि परत आल्यावर ती पिशवी या दोघांपुढे ठेवून रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. पहिली पाळी येत्या शनिवारी यजमानांची असू द्या. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचे आहे.